गोल खांदा

धाकट्या साडूचा लोखंडी तुकडा काही केल्या तुटेना. वर्कशॉपमधलं चाचणीचं मशीन त्याला ओढत होतं, सोडत होतं, पुन्हा ओढत होतं. थोरल्याचा तुकडा केव्हाच थकून दोन झाला होता.

"तुला सळईच चांगली मिळाली," थोरला म्हणाला.

"साडूभाऊ, एकाच सळईचे तुकडे आहेत, आणि कापलेत तुम्हीच." धाकटा हसला. "तुम्ही जाड टोकाकडून बारीक मधल्या भागाकडे येताना खांदा काटकोनात उतरवलात, सगळा ताण त्या कोपऱ्यात जाऊन बसला. मी जरा गोलाई दिली, एवढंच."

एवढंच म्हणे! थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. सासुरवाडीला याचं कौतुक, घरी बायकोच्या तोंडी याचंच नाव, आणि आता शेवटच्या चाचणीत ज्याचा तुकडा टिकेल तो वर्कशॉपचा हेडमिस्त्री होणार होता.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर थोरल्याने लेथवर नवा तुकडा चढवला. अभिमान गिळला आणि खांद्याला गोलाई दिली, धाकट्यापेक्षाही ऐसपैस. मग पॉलिश करत बसला, जेवायचंही विसरला.

शेवटच्या चाचणीत आधी धाकट्याचा तुकडा तुटला. थोरल्याचा मात्र ढिम्म. शेवटी साहेबच कंटाळले आणि त्यांनी मशीन बंद करायला लावलं.

तुकड्यांवर नावं घालायची तिथे पद्धत नव्हती. काटकोनी खांदा थोरल्याचा, गोल धाकट्याचा, हे सगळ्यांना पाठ होतं.

"शाब्बास," साहेबांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. "तुटला तो तुझा, टिकला तोही तुझाच. थोरल्याने तर तुकडाच दिलेला दिसत नाही."

थोरला पेचात पडला. माझा म्हणावं, तर नक्कल केली हे चारचौघांत कबूल करायचं. गप्प बसावं, तर मिस्त्रीपद हातचं जाणार.

धाकट्याने तुकडा मशीनमधून काढला, उजेडात धरून फिरवला.

"नाही साहेब, हा साडूभाऊंचा. माझा हात इतका साफ नाही."

साहेबांनी चकित होऊन थोरल्याकडे पाहिलं, मग हसून हात पुढे केला. "अभिनंदन, हेडमिस्त्री." बाकीचेही भोवती जमले. धाकट्याने सगळ्यांत आधी मिठी मारली.

थोरला त्याच्या कानाशी पुटपुटला, "एवढं चांगलं वागायची काही गरज नव्हती तुला."