पोटाकडचा फोटो

"ताई, पाठीवरून या दोन्ही जाती जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पोटाकडून फोटो पाठवा," केळुस्करसरांनी नेहमीचं वाक्य टाकलं. बागेतले कोळी ओळखण्याच्या या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा शब्द शेवटचा असे. घरी तो कुणी ऐकतही नसे.

शुभदाताईंकडचं जाळं स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेरून होतं, त्यामुळे पोट घरातूनच दिसणार होतं. मिनिटभरात त्यांच्या नंबरावरून फोटो आला. सरांनी पट्टे पाहून जात सांगितली. अकरा जणांनी अंगठे दाखवले, चांगल्या अर्थाने.

मग सरांनी फोटो मोठा करून पाहिला. कोळ्याच्या मागे, काचेपलीकडच्या बागेत, शुभदाताईच मोबाइल उंचावून उभ्या होत्या.

सरांनी तडक फोन लावला. "ताई, घरात कोण आहे?"

"कोण असणार? मी एकटीच राहते. आणि सर, पोटाकडचा फोटो मी अजून काढलाच नाही, तुम्ही जात कशी सांगितलीत? थांबा, आत जाऊन काढते."

सर "नको" म्हणेपर्यंत फोनमधून दाराची आतली कडी सरकल्याचा आवाज आला.

"अगंबाई," ताई म्हणाल्या, "मी तर अजून पायरीवरच आहे."