भिंतीपलीकडची हाक

शेजारी वर्षभराच्या लेकीला घेऊन नवं जोडपं राहायला आलं, तेव्हापासून आजींनी रेडिओ लावायचंच सोडलं. मधली भिंत पातळ होती. पलीकडून त्या पोरीच्या नावाचा सारखा पुकारा चालायचा. कधी "ऊठ गं आता!", कधी "पुन्हा सांडलंस ना?" आजी हातातलं काम टाकून ऐकत बसायच्या.

एका सकाळी तिची आई तिला कडेवर घेऊन दारात आली.

"आजी, आमच्या आरडाओरड्याचा त्रास होतो का हो? दिवसभर हिच्या नावानं शंख चाललेला असतो माझा."

"छे गं! घर भरल्यासारखं वाटतं."

"नाव जुनाट आहे जरा. पण हल्ली जुनीच नावं परत आलीत ना! तुमचं नाव काय हो? पाटीवर नुसतं आजोबांचंच आहे."

आजी घुटमळल्या. थोरला भाऊ गेल्यापासून त्यांना अगं-तुगं करत नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आपलं आणि पोरीचं नाव एकच आहे हे कळलं असतं, तर ही बिचारी ओशाळली असती आणि उद्यापासून लेकीला छकुली नाहीतर सोनू म्हणू लागली असती.

"मला सगळे आजीच म्हणतात," त्या म्हणाल्या.

मायलेकी घरी गेल्या. थोड्याच वेळात पलीकडे काहीतरी सांडलं आणि नावाचा खणखणीत पुकारा झाला.

इकडे रिकाम्या घरात आजींनी हळूच "ओ" दिली.