खांदमळणी
पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात. आमच्या घरी तो मान माझा, थोरल्याचा. बायकोनं वाटी सरळ माझ्या धाकट्या भावाच्या हाती दिली. मी ती हिसकावली. दारूनं पोट घागरीसारखं फुगलंय, पायांच्या काड्या झाल्यात, कावीळ तळव्यांपर्यंत उतरलीय, तरी उठलो. हात थरथरला, तसा बैल बिचकून मागं सरला. "राहू द्या, जनावर भिऊन राह्यलं," ती म्हणाली. मग धाकट्यानं खांदे मळले. बैलानं डोळे मिटून डोकं त्याच्या छातीला टेकवलं आणि बायको हसली. माझ्या वाट्याला ते हसू कधी आलं नव्हतं. सकाळी पोळ्याला इंद्रवेल्लीहून आमचे मामा आले. त्यांची नजर माझ्या पिवळ्या तळव्यांवर गेली. "यंदाबी खांदे तूच मळले का?" धाकट्याचे हात केव्हाच धुतलेले होते. "मंग काय," मी म्हणालो, "मान माहा आहे."