डावीकडची खिडकी

कळंबच्या निसर्गप्रेमी डॉक्टरांनी ड्रायव्हर लिंबराजला कोकणकिनाऱ्याची सहल आखायला सांगितली, वर दिलदारपणे म्हणाले, “मागं आम्ही घरचे, पण तुझ्या शेजारची सीट रिकामीच आहे, बायकोलाही घे.” लिंबराजच्या बायकोनं, कुशावर्तानं, जन्मात समुद्र पाहिला नव्हता. लिंबराजनं अख्खी सहल उलटी फिरवली: आधी वेंगुर्ला, मग किनाऱ्यानं वर हर्णैपर्यंत, म्हणजे समुद्र सगळा रस्ता डावीकडं, तिच्याच खिडकीत. तिला घाटात गाडी लागते, म्हणून तिनं टेकायला उशी शिवली. निघायच्या सकाळी दोघं बंगल्यावर पोचली, तर डॉक्टर कुत्र्याची साखळी धरून उभे. “रूट झकास आखलास! पण ब्रूनोला पुढं बसव, त्याला खिडकी लागते.” लिंबराज “व्हय साहेब” म्हणून मोकळा झाला. कुशावर्तानं उशी सीटवर ठेवली. “ह्यालाबी घाटात गाडी लागंल, ऱ्हाऊ द्या,” म्हणत ती घराकडं वळली. चार दिवस समुद्र डावीकडंच होता, लिंबराजनं तिकडं एकदाही मान वळवली नाही.