कोरा फोन

"कुलूप काढ," शिपाई म्हणाला.

नेरेइदानं अंगठा टेकवला आणि फोन त्याच्या हातात दिला. बस रस्त्याच्या कडेला उभी होती. उतारू उन्हात रांग करून उभे होते, प्रत्येकाच्या हातात आपापला फोन. बार्किसिमेतो शहराच्या वाटेवरचा हा तिसरा नाका. आधीच्या दोन नाक्यांवर नुसत्या पिशव्या चाचपल्या होत्या.

परदेशी कंपनी लोकांची खासगी माहिती पळवते, असं सांगून सरकारनं महिन्यापूर्वी निरोप पाठवायचं एक ॲप बंद केलं होतं. आता ते कुणाच्या फोनवर राहिलंय का, हे बघायला सरकारचीच माणसं येणाऱ्याजाणाऱ्यांचे खासगी निरोप वाचत होती. ज्याच्या फोनवर सापडेल तो थेट आत.

नेरेइदाच्या फोनवर ते ॲप कालपर्यंत होतं. त्यावर एक गट होता, निदर्शनांत पकडलेल्या एकतीस पोरांच्या घरच्यांचा. गट तीच चालवायची, कारण तिचा मुलगा अन्येलो त्या एकतिसांतलाच. कोण कुठल्या कोठडीत आहे, कुणाला ताप आहे, कुणाला कुठलं औषध हवंय, एक जण भेटून आला की सगळ्यांना कळायचं. ती यादी या लोकांच्या हाती लागली असती, तर एकतीस घरांची दारं एका दिवसात वाजली असती. म्हणून काल तिनं ॲप काढून टाकलं आणि यादी जपमाळेवर पाठ केली. एका मण्याला एक पोरगा. माळ तिच्या गळ्यात होती.

शेजारच्या ओमाइरानं बजावलं होतं, "सगळं पुसू नको गं बाई. चार देवांचे फोटो, दोन मांजरं, एखाद्या केकची कृती राहू दे. संसारी बाईचा फोन वाटला पाहिजे." पण एकदा पुसायला घेतल्यावर भीतीनं नेरेइदाचा हात थांबलाच नाही. आता तिला ते आठवलं.

शिपायानं बोट वर सरकवलं, खाली सरकवलं.

"फोटो कुठायत?"

"माझे कोण काढतंय फोटो?"

"तुझे नाही, पोराबाळांचे. आईचा फोन, आणि पोराचा एक फोटो नाही?" तोंडावरच्या कापडाआडून तो हसला. "सकाळपासून दोनशे फोन बघितले मी. एवढा कोरा फोन दुकानातसुद्धा मिळत नाही. चल इकडे."

तो तिला नाक्याच्या टपरीमागं पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेला. रांगेतल्या कुणीही मान वर केली नाही. अन्येलोसाठी केलेल्या आरेपांची, मक्याच्या जाड भाकऱ्यांची, पिशवी बसमध्येच राहिली होती. दोन महिन्यांनी आज पहिली भेट मिळाली होती, अकराची. आपण पोचलोच नाही तर पोराला काय वाटेल?

"कुठं निघालीस?"

"मुलाला भेटायला. आत आहे." इथं खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. बुधवार हा भेटीचा वार, त्या दिवशी बसमधल्या निम्म्या बायका तिकडंच निघालेल्या असतात, हे नाक्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"मग त्या गटातही असशील."

"कसला गट?"

शिपायानं मागं वळून पाहिलं. त्याचे दोघे साथीदार ड्रायव्हरशी कागदांवरून हुज्जत घालत होते. त्यानं तोंडावरचं कापड खाली ओढलं. पंचविशीचा असेल. ओठ सुकले होते.

"मावशी, माझा धाकटा भाऊ आत आहे. योर्मान कोल्मेनारेस. तो तिकडं घोषणा देत होता आणि मी इकडं वर्दीत. मला भेटायला जाता येत नाही, कुणाकडं चौकशी करता येत नाही. केली तर माझीही रवानगी तिथंच. आई रोज फोनवर रडते. तो जिवंत आहे का, तेवढंच सांगा तुम्ही."

मघापासून अरेरावी करणारा माणूस एकदम इतका नरमला, याचीच नेरेइदाला जास्त धास्ती वाटली. गेल्याच महिन्यात पलीकडच्या वस्तीत एक जण असाच भावाचं नाव घेऊन रडला होता. एका बाईला दया आली. दुसऱ्या दिवशी चार बायका उचलून नेल्या.

योर्मान. सतरावा मणी. तिचा हात आपोआप गळ्याकडं निघाला होता. तिनं तो झग्याच्या खिशात कोंबला. त्याला दिसला का, ते कळायला मार्ग नव्हता.

"मला गटबिट काही माहीत नाही," ती म्हणाली. "फोनसुद्धा धड वापरता येत नाही मला."

मग त्यानं कापड वर ओढलं, फोन तिच्या हातात ठेवला आणि तिच्यामागोमाग बसपर्यंत आला.

"हिचं झालं," तो साथीदारांना ओरडून म्हणाला. "म्हातारीला साधा फोन लावता येत नाही."

साथीदार हसले. ड्रायव्हरनं बस सुरू केली. उतारू घाईघाईनं चढले. नेरेइदा सगळ्यांत शेवटी राहिली. यादी सुरक्षित राहिली होती, एकतीस घरं वाचली होती, अकराची भेटही गाठता येणार होती. तिनं एक पाय पायरीवर ठेवला. आता दुसरा उचलायचा, एवढंच काम होतं. आणि तो काही केल्या उचलेना. आजचा बुधवार गेला की पुढची भेट कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती वळली. दांडा धरून खाली उभ्या शिपायाकडं वाकली.

"दम्याचा पंप पाठव त्याला," ती हळूच म्हणाली. "आधीचा संपून आठ दिवस झाले."