खालचा डबा

सकाळी साडेसातला जुनी डिझेल गाडी अंगणातून निघाली आणि फाटकातच बंद पडली. पुढची चाकं रस्त्यावर, मागची अंगणात. बाबांनी दोनदा सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही.

"टाकीत डिझेल आहे ना?" शेजारच्या सीटवरून मुलीने विचारलं. ती नर्स होती आणि आठला तिची ड्यूटी सुरू व्हायची.

"टाकी कोरडी होत आली होती. काल अंधार पडल्यावरच डबा ओतलाय."

बाबा बस डेपोत फोरमन होते. निवृत्त झाले तरी सगळी गल्ली त्यांना फोरमनच म्हणत असे. एक हात कमरेवर ठेवून ते गाडीतून उतरले.

"कमरेला काय झालं?"

"कालपासून भरलीय. तू तुझे पेशंट हॉस्पिटलात बघ."

"बाबा, आपलं काय ठरलंय?"

"लक्षात आहे. गाडी चुकली तर गाडी बघायची. मी चुकलो तर किल्ली कायमची तुझी." डोळ्यांच्या ऑपरेशननंतर हा शब्द त्यांनीच दिला होता. तिने मागितला होता, हेही खरं.

समोरच्या गॅलरीतून शेजारीणबाई ओरडल्या, "फोरमन, टॅक्सी बोलावू का?"

"डॉक्टर घरी आल्यावर पेशंटला हलवत नाहीत, वहिनी!"

मुलीने हॉस्पिटलला फोन करून उशीर होईल असं सांगितलं. अर्ध्या गालाला साबण लावलेला जावई बाहेर आला. त्याला बाबांनी गाडीच्या मागे उभं केलं आणि मुलीला चालकाच्या जागेवर किल्लीपाशी बसवलं.

"सेल्फ मार. पुरे. सेल्फ दणकून फिरतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत. जावईबापू, धूर?"

"पांढरा. थोडासा."

"म्हणजे तेल पोचतंय, पण पेटत नाहीये."

मग इंजिन पेटण्याआधी तापवणारे हीटर. छोट्या दिव्याची वायर त्यांनी एकेका टोकाला लावली. दिवा प्रत्येक ठिकाणी लागला, म्हणजे हीटरही ठीक होते. मुलगी पुन्हा किल्लीला हात घालणार तोच ते म्हणाले, "थांब. सकाळी अंगणात सुरू झाली आणि इथवर आली. आजारी गाडी मुळात सुरूच होत नाही. ही नळीत जेवढं जुनं डिझेल होतं तेवढ्यावर चालली."

त्यांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, दोन थेंब तळहातावर घेतले आणि हात तसाच पुढे धरला. जावई नाक पुढे करून वास घ्यायला वाकला. बाबा वास घेत नव्हते. ते तळहाताकडे बघत होते.

थेंब पसरले. तळहात गार पडला. मग तो कोरडा झाला. डिझेलने तो तेलकट राहायला हवा होता.

"सापडलं?" मुलीने विचारलं.

फिल्टरमध्ये कचरा आहे असं ते म्हणू शकले असते. बोनेटखाली काय आहे हे त्या अंगणात दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं.

"पेट्रोल आहे," बाबा म्हणाले. "आता सेल्फला हात लावू नकोस. डिझेलवरच पंपाला वंगण मिळतं, पेट्रोलवर तो कोरडा घासतो."

जावई लगेच म्हणाला, "अरेरे, माझंच चुकलं! परवा गवत कापलं ना, तेव्हा यंत्रात पेट्रोल भरून डबा भलत्याच जागी ठेवला असणार मी. तुम्हाला काय कळणार अंधारात!"

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो गालावरचा वाळलेला साबण पुसण्यात गढून गेला.

"जावईबापू, तुम्ही भले आहात, पण खोटं बोलायचा तुम्हाला अजिबात सराव नाही." बाबांनी चिंधीला हात पुसले. "डिझेलचा डबा शेडमधल्या कट्ट्यावर असतो, पेट्रोलचा खाली जमिनीवर. जागा मी ठरवल्यात. अंधारात रंग फसवतो, उंची फसवत नाही. कट्ट्यावरचा डबा घ्यायला वाकावं लागत नाही."

त्यांनी कमरेवर हात ठेवला.

"मी काल वाकलो होतो."

मुलगी शेडमध्ये जाऊन आली. कट्ट्यावर डिझेलचा डबा भरलेला होता, झाकणाला हात न लागलेला. खाली पेट्रोलचा डबा आडवा पडला होता, रिकामा. तो तिने उचलून उभा ठेवला होता, पण ते तिने सांगितलं नाही.

"किल्ली गाडीतच आहे," बाबा म्हणाले. "ती तुझी. आधी टाकी रिकामी करू."

पुढचं काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. वाकायचं तेवढं जावयाने केलं. टाकीतलं सगळं काढलं, नळी धुतली, फिल्टर नवा बसवला, डिझेल ओतलं. मग नळीतली हवा काढायला बाबा फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबत राहिले. नळीच्या जोडातून फेस आला, फेसाचे बुडबुडे झाले, बुडबुडे विरळ झाले, आणि शेवटी सलग धार आली. तेव्हा कुठे त्यांनी पाना फिरवून जोड आवळला. मुलगी स्टिअरिंगमागे बसून काचेतून त्यांचे हात बघत होती. हात एकदाही चाचपडले नाहीत. एकही नट खाली पडला नाही.

"मार."

इंजिन खोकलं, अडखळलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. आवाज भरत गेला. गॅलरीत शेजारीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनी बोनेट खाली केलं, गाडीला पुढून वळसा घातला आणि शेजारच्या सीटच्या दाराशी गेले. तेवढ्यात मुलगी इंजिन चालू ठेवूनच उतरली आणि मागून वळसा घालून त्याच दाराशी आली.

"ही बाजू माझी," ती म्हणाली.

"आता नाही. चालव. उशीर झालाय तुला."

"मला वाटेत फोन करायचेत."

"पोचल्यावर कर."

"बाबा, सरका."

साडेनऊ वाजून गेले होते. दोघांचे हात एकाच दारावर होते. गाडी चालू होती आणि चालकाची जागा रिकामी.