माहेरचं पित्त

सासऱ्यांना हार्ट अटॅक आला होता, म्हणून अनुजा नवऱ्याला जामसंड्याच्या तपासणी शिबिरात घेऊन आली होती. डॉक्टरबाईंनी सहज तिलाच विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला हृदयाचा त्रास?"

"नाय ओ. आमच्याकडे बायकांक नुसतां पित्त."

"आई आहे?"

"पन्नाशीतच गेली. पाठ दुखाक लागली, दरदरून घाम फुटलो. पित्त उसळलां म्हणान मीच कोकमाचां आगळ दिलंय. निजली ती उठलीच नाय. मावशीचांपण तसांच झालां."

बाईंचं पेन थांबलं. "अहो, बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असाच येतो. पित्त वाटावं असा."

त्यांनी अनुजालाच टेबलावर झोपवलं. छातीला, हातापायांना वायरी लावल्या आणि बजावलं, "आता अजिबात हलायचं नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. खारेपाटणहून थोरल्या बहिणीचा. नवऱ्याने स्पीकर लावून तो तिच्या कानाशी धरला.



"अनू गो, सकाळपासून पाठ दुखता, घामान भिजलंय. घरात कोण नाय. पण तू काळजी करू नको, आगळ घेतलंय. आता निजतंय."